गाडी हलणा नाय तर शाळा हलवा

आमच्या शाळेत विद्यार्थी मंत्रिमंडळ आधीपासून होतं, म्हणजे कागदावर तरी होतंच. जुलैत वर्गशिक्षक आपापल्या वर्गातल्या दोन-तीन हुशार पोरांची नावं द्यायचे, त्यातून एक मुख्यमंत्री, एक सांस्कृतिक मंत्री, एक स्वच्छता मंत्री, पंधरा ऑगस्टला छातीवर बिल्ले, फोटो ग्रुपवर, आणि मग वर्षभर मुख्यमंत्र्याचं काम काय तर परिपाठाला सावधान-विश्राम ओरडायचं आणि पाहुणे आले की गुलाबाचं फूल द्यायचं. दोन वर्षांपूर्वी आमच्या हेडसरांनी हे खातं माझ्याकडे दिलं, "बाई, तुम्ही राज्यशास्त्र शिकवता, यंदा जरा नीट करा" एवढंच बोलले. नीट म्हणजे काय ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. पण झालं त्यातनं काहीतरी, ते लिहून ठेवतेय.

शाळा देवगड तालुक्यातली, समुद्राच्या बाजूला, पाचवी ते दहावी, अनुदानित. संस्था गावातल्याच लोकांची पण मंडळ मुंबईत, हे कोकणात नवीन नाही, निम्म्या हायस्कुलांची तीच कथा, कार्यकारिणीची मिटिंग मुंबईत होते आणि पदाधिकारी गावात दिसतात ते गणपतीत नाहीतर मे महिन्यात आंबे उतरवायला. पोरं दोन तऱ्हेची. अर्धी खालची, म्हणजे बंदराकडची, घरात रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायचं, नाहीतर ट्रॉलरवरचं काम. अर्धी वरची, सड्यावरच्या म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या वाड्यांतली, ती एसटीने येतात. हा खालचा-वरचा फरक नीट ध्यानात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच आहे.

पहिलं ठरवलं की निवडणूक खरी घ्यायची. दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात 'निवडणूक प्रक्रिया' असा धडाच आहे, दरवर्षी तो आम्ही निवडणूक आयोगाची कार्ये, मतदारसंघाची पुनर्रचना, पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन, रिकाम्या जागा भरा असा उरकतो. त्या वर्षी म्हटलं करूनच बघू. दहावीची तीन पोरं निवडणूक आयोग, त्यांनी अधिसूचना काढायची, अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप, सगळं. चिन्हं पोरांनीच काढली, माड, होडी, फणस आणि कुर्ली, म्हणजे खेकडा. कुर्लीसाठी दोघांची मारामारी, शेवटी चिठ्ठी टाकली.

निवडणुकीचं फार लांबण लावत नाही कारण हा भाग सगळ्या शाळांत होतो आणि पेपरात बातम्याही येतात. दोन मोबाईल जोडून ईव्हीएमसारखं करायचं ॲप मिळतं, एकावर बटण दाबलं की टूँऽ असा लांब आवाज, पाचवीची पोरं त्या आवाजासाठीच परत रांगेत उभी राहत होती. शाई खरी नव्हती, ती म्हैसूरच्या कारखान्यात बनते आणि आपल्याला मिळत नाही, आम्ही मार्करने भागवलं, संध्याकाळपर्यंत खोबरेल लावून निम्म्यांनी पुसली. दोनच गोष्टी सांगण्यासारख्या. एक म्हणजे फणसवाल्या उमेदवाराने पाचवी-सहावीला मधल्या सुट्टीत पेप्सीकोला वाटले आणि कुर्लीवालीने लेखी तक्रार केली. मला वाटलेलं आयोग माझ्याकडे येईल, बाई काय करू विचारेल. नाही आला. त्यांनी आपसात बसून निकाल दिला की फणसाचं प्रचाराचं भाषण रद्द, बाकी उमेदवारी कायम, आणि पेप्सीकोला खाल्लेल्यांवर कारवाई नाही कारण "मतदाराचो काय दोष". दुसरी, एका पोराने वर्गात उठून विचारलं की नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण, का नाही. सुप्रीम कोर्टाने 2013 साली सांगितल्यापासून मोठ्या निवडणुकीत आहे मग आमच्यात का नाही. घातला नोटा. मुख्यमंत्रीपदाला नोटाला अकरा मतं पडली आणि ते अकरा जण कोण यावर शाळेत आठवडाभर चर्चा.

जिंकली कुर्ली. बंदरावरची, नववीतली, बोलायला फटाकडी, वक्तृत्वाला जिल्ह्यापर्यंत गेलेली. आपल्याकडे वक्तृत्वाला कमी नाही, नाथ पै आणि मधु दंडवते ज्या मतदारसंघातून लोकसभेत गेले तो हा मुलूख, शाळाशाळांतून स्पर्धा चालतात आणि पोरं पाठ करून काय सुंदर बोलतात. पण पाठ केलेलं आठ मिनिटांचं भाषण म्हणजे स्वतःचं म्हणणं मांडणं नव्हे हे मला पहिल्या मिटिंगमध्ये कळलं. मंत्रिमंडळ बसलं, मी म्हटलं सांगा आता, शाळेत काय बदलायला पाहिजे, आणि पंधरा जण गप्प. अगदी चिडीचूप. मग एकाने सांगितलं झाडं लावूया. दुसरी म्हणाली प्लास्टिकबंदी. ही उत्तरं निबंधातली, ती देऊन बाई खूश होतात हे पोरांना पाचवीपासून ठाऊक आहे.

आणि त्या पंधरात सड्यावरचं एकच पोर होतं. तेसुद्धा उठून दाराकडे बघत होतं.

मी विचारलं काय झालं रे, तर म्हणाला, "बाई, चारच्या फुडे मिटिंग घेतास, आमची गाडी तेवाच असता. थांबलो तर सातची वस्तीची गाडी, घराक जाईपर्यंत आठ वाजतत." मी म्हटलं मग तुमच्या वाडीतले बाकीचे निवडणुकीला उभेच का नाही राहिले. तर ह्याच कारणानं. सगळ्यांना माहीत होतं की मिटिंग, प्रॅक्टिस, गॅदरिंगची तयारी, सगळं शेवटच्या तासाला नाहीतर शाळा सुटल्यावर होतं, मग अर्ज भरून करायचं काय.

गाडीचं सांगते. शाळा पाचला सुटायची. सड्याकडची गाडी नाक्यावर चार पन्नासला. त्यामुळे रोज चार चाळीसला, शेवटचा तास अर्ध्यावर असताना, तीसेक पोरं दप्तर उचलून निघायची आणि आम्ही शिक्षक ते इतकी वर्षं बघत आलोय की आम्हाला ते दिसायचंच बंद झालेलं. शेवटचा तास म्हणजे बहुतेक वर्गांना पीटी, चित्रकला, नाहीतर लायब्ररी. मुलींचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट, मुलांना भाड्यात दोन तृतीयांश सवलत, म्हणजे शाळेपर्यंत आणायची सोय सरकारने केली आहे, पण ह्या पोरांनी आमच्या मैदानावर खो-खोचा डाव पुरा कधी खेळलेला नाही. लायब्ररीचं रजिस्टर काढून बघितलं, वरच्या वाड्यांतल्या पोरांच्या नावावर पुस्तकंच नाहीत. स्टाफरूममध्ये आपण काय बोलतो, सड्यावरची मुलं जरा मागे मागे असतात, लाजरी आहेत. असतील लाजरी, पण गाडी पण आहे ना.

मग पहिला बदल एवढाच केला की मिटिंग शनिवारी, सकाळच्या शाळेच्या शेवटच्या तासाला, शाळेच्या वेळेत. आणि प्रत्येक वर्गातून दोन प्रतिनिधी, एक मुलगा एक मुलगी, त्यातलं एक तरी गाडीचं. शिवाय फणसवाला जो हरला त्याला विरोधी पक्षनेता केलं, ही आयडिया आयोगाची. हरलेला पोरगा कोपऱ्यात कुढत बसण्यापेक्षा तिथे बरा, आणि खरं सांगायचं तर पुढे निम्मं काम त्यानेच केलं कारण त्याला कुर्लीला चुकीचं ठरवायचं होतं.

तिकडे स्टाफमध्ये कुरबुर सुरू झाली. आमचे एक सर आहेत, गणिताचे, रिटायरमेंटला थोडी वर्षं राहिलीत, शाळेत त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी सरळ विचारलं, "हे कुठल्या नियमात बसतं?" मी तयारी करून गेले होते. म्हटलं सर, बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आहे 1989 चा, त्याचं बारावं कलम म्हणतं की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं मत ऐकायचं आणि वयाप्रमाणे त्याला महत्त्व द्यायचं, भारताने तो डिसेंबर 1992 मध्ये स्वीकारलाय. आपल्याकडे शाळा व्यवस्थापन समितीत विद्यार्थी बसतात, 2022 पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आहे तिच्यातही विद्यार्थी प्रतिनिधी आहेत. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, कलम असेल हो, पण पोरांना असं वाटायला लागेल की मागितलं की मिळतं, आणि नाही मिळालं की तोंड फुगवून बसतील, तुम्ही 'नाही' कसं सांगणार ते आधी ठरवा.

मला तेव्हा राग आला होता. पण घरी जाऊन विचार केला तर मुद्दा बरोबर होता. पोरं बोलत का नाहीत तर बोलून पुढे काय होतं ते त्यांना कधी समजतच नाही, 'बघू' म्हणतात मोठी माणसं आणि बघू म्हणजे संपलं. म्हणून एक रजिस्टर केलं, साधं लांबोडकं हिशोबाचं, लाल पाठीचं. रकाने पाच. तारीख, मागणी, कोणी मांडली (नाव नाही, फक्त इयत्ता), शाळेचं उत्तर, आणि शेवटचा रकाना 'नाही असल्यास कारण'. हेडसरांनी दोन आठवड्यांत लिहायचं, पेनने, खाली सही. शेवटचा रकाना गणिताच्या सरांचा, त्यांना तसं सांगितलं तर म्हणाले मग आता मी पण वाचणार ते. दर सोमवारी वाचतात अजून.

पहिलं पान माझ्यासमोर आहे. 'सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर पाऊस येतो.' उत्तर, दोन कौलं बदलली, सही. 'पीटीला मुलींना पण क्रिकेट.' उत्तर, होय, मंगळवार. 'शनिवारी रंगीत ड्रेस.' नाही. कारण, सगळ्यांकडे चांगले कपडे असतीलच असं नाही. त्याच्यावर पोरांनी वादच घातला नाही, मी वाट बघत होते. 'मोबाईल आणायला परवानगी.' नाही, कारण लिहिलेलं चार ओळींचं. आणि त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात, 'शेवटच्या तासाला आमची गाडी जाते. आठवी.'

त्याचं उत्तर हेडसरांनी लगेच लिहिलं, 'आगाराला वेळ बदलण्यासाठी पुन्हा पत्र देण्यात येईल.' पुन्हा, कारण फाईलमध्ये अशी पत्रं आधीची होती. गाडीचा पण दोष नाही, ती पुढे दोन गावं करून परत येते, तिचं सगळं दुसऱ्या फेरीशी बांधलेलं, एका शाळेसाठी वीस मिनिटं ढकलली तर पुढच्या हायस्कूलची पोरं लोंबकळतील. हे उत्तर मी मिटिंगमध्ये वाचून दाखवलं. आठवीतली एक मुलगी, सड्यावरची, ह्या आधी मी तिचा आवाज हजेरीला 'हजर' ह्यापलीकडे ऐकला नव्हता, ती उठून म्हणाली, "बाई, गाडी हलणा नाय तर शाळा हलवा."

सगळे हसले. मीही हसले. मग ती खाली बसली नाही, तशीच उभी. म्हणाली सकाळची गाडी दहा दहाला येते, आम्ही साडेदहापर्यंत पटांगणात नुसत्या बसून असतो. दुपारची सुट्टी पाऊण तास. थोडं इकडचं थोडं तिकडचं घेतलं तर शाळा चार चाळीसला सुटेल. म्हणजे तिने हे आधी मोजून ठेवलं होतं! इतकी वर्षं आम्ही बीएड-एमएड झालेली माणसं आगाराला पत्रं टाकतोय आणि शाळेची घंटा आपल्याच हातात आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

फणसवाल्याने लगेच विरोध केला, तो बंदराचा, त्याला दुपारच्या सुट्टीत घरी जेवायला जायचं असतं. कुर्लीने समिती नेमली (ह्या पोरांना समितीची भारी हौस), दोन वरची दोन खालची, आणि त्यात फणसवाला. काम काय, तर दुपारची सुट्टी पंचेचाळीसची तीस करता येईल का. आणि ही समिती कोणाला भेटली तर पहिलं पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना. मला हे सुचलं नसतं. ताईंनी सांगितलं, "वाढून माझा पंधरा मिनटात होता, पण ताटा धुवक पोरांची लाईन लागता तेचा काय करशात?"

तर तिथे होतं खरं दुखणं. पाचवी ते आठवी पोषण आहाराला बसतात, दीडशेच्या आसपास ताटं, आणि टाकीला तोट्या चार पण चालू दोनच. समितीने घड्याळ लावून आठवडाभर मोजलं. कागद अजून रजिस्टरला टाचलेला आहे, पेन्सिलीने आखलेला तक्ता, सोमवार पहिलं ताट एक अठ्ठेचाळीस, शेवटचं दोन अकरा, मंगळवारी उसळ होती म्हणून दोन आठ, बुधवारी अंडं, टरफलं अडकून पाणी तुंबलं, दोन पंधरा. समासात शेरा, 'सहावीतली पोरं पाणी उडवत बसतात, पाच मिनिटे वजा करावीत.' एवढ्या बारकाईने तर आम्ही प्रगतिपत्रकं पण लिहीत नाही. निष्कर्ष एकच, तोट्या आठ झाल्या तर लाईन बारा मिनिटांत संपते, सुट्टी तीसची होते, शाळा चार चाळीसला सुटते, गाडी मिळते. गाडीचा प्रश्न नळावर येऊन थांबला.

नळकोंडाळ्याला पैसे कोण देणार. ग्रँटमधून होत नव्हतं, हेडसरांनी रजिस्टरमध्ये तसं लिहिलं, 'तूर्त निधी नाही, संस्थेकडे मागणी करावी लागेल.' पोरं म्हणाली मग आम्ही करतो. सातवीत एक मुलगी आहे, तिचे वडील प्लंबिंगचं करतात, त्यांच्याकडून एस्टिमेट आणलं, साडेआठ हजार, मजुरी धरून. पत्र पोरांनी लिहिलं. मी फक्त शुद्धलेखन बघितलं आणि 'महोदय' चा 'महोद्य' तेवढा दुरुस्त केला. हेडसर अडले एका ठिकाणी, मुलांचं पत्र थेट संस्थेला जाणार कसं, पद्धत असते, आणि ते बरोबरच होतं, मग त्यांनी वर स्वतःचं पत्र लावलं, 'सोबत विद्यार्थ्यांचे निवेदन जोडले आहे', आणि मुंबईला पोस्टाने रवाना. पुढचे काही आठवडे काही नाही.

मग आले गणपती. आमच्याकडे गणपतीला शाळा बंद म्हणजे बंदच, आख्खी मुंबई गावात उतरते. अध्यक्ष पण आले. आमच्या गावात संध्याकाळी घरोघर आरत्या फिरतात, पोरं टाळ-झांजा घेऊन सगळीकडे, त्यात अध्यक्षांच्या घरी आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, प्रसादाचं ताट फिरायला लागलं आणि फणसवाला, हातात मोदक, भरल्या खळ्यात म्हणजे अंगणात, मोठ्याने, "काका, आमचा पत्र गावला काय तुमका?" मी तिथे नव्हते, पण रात्री दहापर्यंत मला तीन जणांचे फोन आले होते त्यावरून काय झालं असेल ते समजा. अध्यक्ष म्हणाले कसलं पत्र. ह्याने तिथल्या तिथे सगळं सांगितलं, ताटं, तोट्या, गाडी, आकड्यांसकट. एक चाकरमानी काका लगेच म्हणाले मी देतो हे पैसे, किती साडेआठ ना, वडिलांच्या नावाने बसवा. टाळ्या बिळ्या.

मला तर वाटलं झालं काम. पण सुट्टीनंतरच्या मिटिंगमध्ये ती प्लंबरची मुलगी म्हणाली की हे नळ वर्ष-दोन वर्षांत जाणार, आपलं पाणी खारट आहे, पितळेची तोटी आतून खाऊन जाते, घरी बघते ना मी, मग परत कोणाच्या वडिलांच्या नावाने बसवायचं? आहे ना मुद्दा. आधीच्या चारातल्या दोन बंद का होत्या तर ह्याच कारणाने, त्यासुद्धा कधीतरी कोणीतरी देणगी दिलेल्याच. म्हणून दुसरं पत्र गेलं, देणगीबद्दल आभार आणि दरवर्षी दुरुस्तीसाठी संस्थेच्या बजेटात थोडी रक्कम धरावी, आणि तोट्या प्लास्टिकच्या घ्याव्यात. संस्थेने तेही मान्य केलं, मला वाटतं आरतीतला तो प्रकार पुन्हा नको म्हणून असेल.

ह्या सगळ्यात तक्रारपेटीचं राहिलं. शाळेत पेटी असावी हे 2017 च्या परिपत्रकापासून आहे, आमच्याकडे होती पण ऑफिसच्या दारात, म्हणजे चिठ्ठी टाकायला जाणारं पोर सगळ्या शाळेला दिसणार. आणि आमच्यासारख्या छोट्या शाळेत अक्षर ओळखता येतं, कोणाचा 'र' कसा वळतो ते पण आम्हाला माहीत. त्यामुळे पेटीत काय सापडायचं तर चॉकलेटचे कागद. उपाय मंत्रिमंडळानेच काढला, शनिवारी प्रत्येकाने चिठ्ठी टाकायचीच, काही लिहायचं नसेल तर कोरी टाका. त्यामुळे लिहिलं कोणी ते कळायचा प्रश्नच मिटला. मागण्या रजिस्टरमध्ये उतरवल्या की चिठ्ठ्या फाडून टाकायच्या.

पण इथे मी एक गोष्ट पोरांच्या हातात दिली नाही आणि देणार पण नाही. पेटी आधी मी आणि हेडसर उघडतो. मारहाण, अंगाला हात लावणं, घरातलं काही, असली चिठ्ठी पोरांनी वाचायची नाही आणि तिचं रजिस्टर पण नाही, ती सरळ सखी सावित्री समितीकडे आणि गरज पडली तर 1098 ह्या चाइल्डलाइनला, पुढे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा आहे. फणसवाला म्हणाला मग आमच्यावर विश्वास नाही काय. मी सांगितलं विश्वास आहे पण हे ओझं तुझ्या वयाचं नाही. त्याला पटलं की नाही माहीत नाही, रजिस्टरमध्ये मागणी लिहून ठेवलीय त्याने, 'पेटी उघडताना एक विद्यार्थी असावा', उत्तर 'नाही', कारण लिहिलंय, सही आहे.

पालकांचं पण थोडं सांगायला हवं. दहावीच्या दोन आईबाबांनी येऊन सांगितलं की आमच्या मुलीला त्या आयोगातून काढा, बोर्डाचं वर्ष आहे. त्यांचं चूक म्हणवत नाही. आपलं कोकण बोर्ड वेगळं झालं तेव्हापासून, 2012 पासून, दहावीच्या निकालात राज्यात पहिलं असतं दरवर्षी, तो अभिमान घराघरात आहे आणि त्याचं टेन्शन पण घराघरात आहे. मला तर कधी कधी वाटतं की हा जो पहिला नंबर आहे ना तो आपली पोरं गप्प बसून ऐकतात म्हणून पण असेल, पण ते असो, स्टाफरूममध्ये बोलले तर मलाच खाली बसवतील. दहावीच्या पोरांना आयोग सोडायचा नव्हता, वर्ग भरून भांडली, शेवटी असं ठरलं की दिवाळीपर्यंत दहावी, दिवाळीनंतर नववीने ताबा घ्यायचा. मुली आपणहून घरी जाऊन हे सांगून आल्या.

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं तेव्हा नवीन वेळापत्रक लागू झालं. शाळा व्यवस्थापन समितीत आणि शिक्षक-पालक सभेत आधी मांडून घेतलं, हेडसरांनी सगळं रीतसर केलं. परिपाठ दहा पंचवीसला, दुपारची सुट्टी तीस मिनिटं, चार चाळीसला घंटा. तासिका एकही मिनिटाने कमी नाही, गणिताच्या सरांनी स्वतः बेरीज तपासली. बंदरावरची जी पोरं दुपारी घरी जायची त्यातली काही डबा आणायला लागली, काही कुरकुर करतात, फणसवाला अजून धावत जाऊन येतो आणि पाच मिनिटं उशिरा वर्गात शिरतो, त्यावरून त्याला मी ओरडते पण. आणि गाडीच्या पोरांचा पूर्ण शेवटचा तास. डिसेंबरात तालुक्याला खो-खोची मुलींची टीम गेली तिच्यात चार सड्यावरच्या होत्या. हरल्या, पहिल्याच फेरीत, पण गेल्या.

यंदा परत निवडणूक झाली. अर्ज भरणाऱ्यांत गाडीची पोरं निम्म्याच्या वर. ती 'शाळा हलवा' म्हणणारी मुलगी मात्र उभी राहिली नाही, मी खूप सांगितलं, "माका नको ता मंत्रीपद, माका जा सांगूचा असता ता मी चिठ्ठीत लिवतंय" म्हणाली. बरोबर आहे तिचं. दर शनिवारी तिच्या दोन-तीन मागण्या असतात, मला अक्षर ओळखू येतं पण मी ओळखत नाही असं दाखवते.

सध्या रजिस्टरमध्ये जोरात चाललंय ते शिमग्याचं. घटक चाचणी नेमकी होळीच्या आठवड्यात येतेय, पालख्या गावात फिरत असताना कोण अभ्यास करणार, तर चाचणी पुढे ढकला. हेडसरांनी 'नाही' लिहिलं, कारण वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक. पुढच्या शनिवारी पोरांनी तालुक्यातल्या पाच शाळांच्या चाचणीच्या तारखा गोळा करून टाचल्या, त्यातल्या तीन होळीनंतरच्या. आता परत हेडसरांची पाळी आहे, आणि काल त्यांनी मलाच विचारलं की ह्या तारखा ह्यांना मिळाल्या कुठून.